बीई प्रोजेक्ट: आपल्याच ब्रांचचा ग्रुप की मिश्र टीम?

इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष संपत आलं की शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी ग्रुप ठरवायची घाई सुरू होते. वर्गातलेच चौघं घ्यायचे, की मेक (मेकॅनिकल), ईएनटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम), कॉम्प्स (कॉम्प्युटर) अशी मोट बांधायची?

एका ब्रांचचा ग्रुप सोयीचा, यात वाद नाही. टाइमटेबल एक, गाइड एक, रिव्ह्यूची तारीख एक. गोम अशी, की एकाला जे येत नाही ते बहुधा चौघांनाही येत नाही. मग मेकच्या प्रोजेक्टचं सर्किट बाहेरून करून आणतात, आणि व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, एक्स्टर्नलनी (बाहेरच्या परीक्षकांनी) नेमकं त्यावरच बोट ठेवलं की चौघं एकमेकांकडे बघतात.

मिश्र टीमचं भांडण शब्दापासूनच सुरू होतं. ‘लोड किती?’ मेकवाल्याला त्यात वजन दिसतं, इलेक्ट्रिकलवालीला करंट, कॉम्प्सवाल्याला सर्व्हरवरची गर्दी. वेळेचा हिशोबही जुळत नाही. कोड रात्रीत बदलतो, लेथवरच्या पार्टला आठवडा लागतो. ‘हे शेवटपर्यंत बदलत बसतात’ ही एकांची कुरकुर, ‘हार्डवेअरच नाही, टेस्ट कशावर करू?’ ही दुसऱ्यांची. दोन्ही खऱ्या.

पण काही कामं एका ब्रांचची नसतातच. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा ‘स्वयम्’ हा उपग्रह 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही-सी34 रॉकेटमधून गेला. वजन किलोभराच्या आत. दिशा राखायला त्यात चुंबक वापरला, म्हणजे त्या कामाला वीज लागत नाही. यांत्रिकीच्या एका निर्णयानं बॅटरीवरचा भार हलका होतो, हे वेगवेगळ्या खोल्यांत बसून सुचणं कठीण. मात्र त्यामागे वर्षांची मेहनत आणि बदलत्या बॅचेस होत्या. बीई प्रोजेक्टला मिळतात दोन सेमिस्टर, त्यातही प्लेसमेंट.

म्हणून माझा कल असा: मिश्र टीमची चव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच घ्या. स्मार्ट इंडिया हॅकेथॉनला सहा जण लागतात, तिथे ब्रांच मिसळा. बाहा या कॉलेजांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी करायची तर ई-बाहा, म्हणजे तिचा इलेक्ट्रिक प्रकार, बघा. मोटर-बॅटरीमुळे तिथे इलेक्ट्रिकलवाल्यांना शोभेपुरतं ठेवता येत नाही. तिथे ज्यांच्याशी जमलं त्यांच्यासोबतच शेवटच्या वर्षी मिश्र ग्रुप करा. नाही जमलं तर आपला वर्ग बरा.

केलाच मिश्र ग्रुप, तर सिनॉप्सिस (प्रोजेक्टचा आराखडा) द्यायच्या आधी दुसऱ्या डिपार्टमेंटच्या को-गाइडची सही घ्या. ‘बघू’ला होकार समजू नका.