छाती उघडायची की दुर्बीण घालायची?

आमच्या आत्तीला तीनदा मुतखडा झाला, तेव्हा गल्लीत सगळ्यांनी कोल्हापुरातल्या गंगावेशीतल्या धारोष्ण दुधाला दोष दिला. दोष होता पॅराथायरॉइडचा. मसुरीच्या दाण्याएवढ्या या चार ग्रंथी असतात गळ्यात. पण खालच्या दोन गर्भात थायमस या छातीतल्या ग्रंथीसोबत खाली उतरतात, आणि एखादी वाट चुकून छातीत जाऊन बसते. तिथंच गाठ झाली की ती जादा हार्मोन सोडून हाडांतलं कॅल्शियम रक्तात ओतत राहते, आणि त्यातूनच मुतखडे होतात.

गाठ खोल असेल, गळ्यातून हात पोचत नसेल, तर दोन वाटा. जुनी वाट म्हणजे छातीचं मधलं हाड उभं कापायचं, नंतर तारेनं बांधायचं. सर्जनला सगळं समोर दिसतं, हे खरं. पण हाड सांधायला ६ ते ८ आठवडे. तोवर घागर उचलायची नाही, खोकतानाही छातीशी उशी धरायची. आणि हाडं आधीच ठिसूळ झालेली!

दुसरी: बरगड्यांमधून दोन-तीन छिद्रं, एका बाजूचं फुप्फुस तेवढ्यापुरतं मिटवून दुर्बिणीनं गाठ काढायची. दुखणं कमी, घरी लवकर. मी हीच निवडेन, पण सेस्टामिबी स्कॅन (ही गाठ शोधायचं किरणोत्सारी औषधाचं स्कॅन) आणि सीटीत गाठ एकाच जागी पक्की दिसली तरच. गाठ निघाल्यावर १० मिनिटांत रक्तातला पॅराथायरॉइडचा हार्मोन निम्म्यावर आला का, हे टेबलावरच तपासता येतं; ती सोय आहे का, आधी विचारा. गाठ मोठ्या रक्तवाहिनीला चिकटलेली निघाली, तर छाती उघडायची तयारी हवीच.

ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच सांगा, कॅल्शियम उतरलेलं असू शकतं. हे दोन्हींत.