सर्व्हिसनाऊमधलं अप्रूव्हल ग्रुपचं ऑटोमेशन: दीड वर्ष वापरून झालं, आता लिहिते

आधी मी काय करते ते सांगते म्हणजे हे कुणाच्या नजरेतून लिहिलंय ते कळेल. हिंजवडीत एका सर्व्हिस कंपनीत चेंज कोऑर्डिनेटर आहे, क्लायंट अमेरिकेतला. प्रॉडक्शनवर, म्हणजे क्लायंटच्या चालू सिस्टिमवर, कुणी काहीही हलवणार असेल तर त्याचा चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा अर्ज, नीट भरलाय का बघायचं, योग्य माणसांनी हो म्हटलंय का बघायचं, आणि म्हटलं नसेल तर त्यांच्या मागे लागायचं. दिवसातला जास्त वेळ हे मागे लागण्यातच जायचा. घरी आईला अजूनही वाटतं मी कंपनीच्या गाड्या सांभाळते, कारण फोनवर सारखं "कॅब कितीला आहे, कॅबला कोण येणार, कॅबने रिजेक्ट केलं" चालू असतं. तिला किती वेळा सांगितलं की ही कॅब म्हणजे चेंज मंजूर करणारी कमिटी, वाकडला सोडणारी गाडी नाही.

तर टूल सर्व्हिसनाऊ, म्हणजे आयटीच्या तक्रारी, विनंत्या आणि बदल नोंदवायचं सॉफ्टवेअर. आमच्याकडे ते आधीपासून होतं पण चेंजच्या फॉर्मवर अप्रूव्हल ग्रुप, म्हणजे मंजुरी देणारी टीम, हातानेच भरायचो. एक एक्सेल होती, त्यात डावीकडे ॲप्लिकेशनचं नाव आणि उजवीकडे कुणाचं अप्रूव्हल घ्यायचं ते, आणि त्या एक्सेलच्या किमान तीन आवृत्त्या फिरत होत्या, एकीच्या नावात "फायनल", दुसरीच्या नावात "फायनल नवीन". ज्याला जी सापडली ती त्याने वापरली. चुकीच्या ग्रुपला गेलं की दोन दिवस कुणी बघायचं नाही, मग शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे उन्हाळ्यात न्यूयॉर्कला सकाळचे नऊ, मी तिकडच्या मॅनेजरला पिंग करणार आणि तो म्हणणार "हे माझं नाहीच". चेंज विंडो, म्हणजे बदल करायची ठरलेली वेळ, शनिवारी पहाटेची. करा आता काय करायचं ते.

आणि यात एक खोट होती जी आम्हाला बरेच दिवस दिसलीच नाही, ऑडिटवाल्या बाईंनी दाखवली. क्लायंट अमेरिकेत शेअर बाजारात लिस्टेड, त्यामुळे 2002 च्या सार्बेन्स-ऑक्स्ली कायद्याचं, म्हणजे कंपन्यांचे आर्थिक हिशेब खरे राहावेत म्हणून केलेल्या कायद्याचं, ऑडिट दरवर्षी. त्या म्हणाल्या, ज्याला बदल करायचाय तोच जर मंजुरी देणारा ग्रुप निवडतोय तर मंजुरीला अर्थ काय? बरोबर होतं हो. आपला पेपर आपल्या मावशीकडे तपासायला देण्यासारखं. लोक मुद्दाम करत नव्हते, पण जो ग्रुप पटकन हो म्हणतो तोच निवडायची सवय लागतेच माणसाला.

म्हणून ऑटोमेशन. हे नेमकं कसं चालतं ते माझ्या भाषेत सांगते. चेंजचे तीन मुख्य प्रकार, नॉर्मल, स्टँडर्ड, इमर्जन्सी. स्टँडर्ड म्हणजे आधीच मंजूर असलेला नेहमीचा बदल, टेम्प्लेट उचला आणि शेड्यूल करा, तिथे ग्रुपचा प्रश्नच नाही. नॉर्मल चेंज जसा येतो तसा वापरला तर असेस स्टेटला, म्हणजे तपासणीच्या टप्प्यावर, असाइनमेंट ग्रुपचं, म्हणजे तो चेंज ज्या टीमकडे सोपवलाय तिचं, अप्रूव्हल लागतं आणि ऑथराइजला, म्हणजे मंजुरीच्या टप्प्यावर, कॅबचं. इमर्जन्सी असेस गाळून सरळ ऑथराइजला जातो. या टप्प्यांवर कुणाला विचारायचं ते चेंज अप्रूव्हल पॉलिसी नावाच्या गोष्टीत लिहिता येतं, एका बाजूला कंडिशन म्हणजे रिस्क हाय आहे का, प्रकार कुठला, आणि दुसऱ्या बाजूला अप्रूव्हल डेफिनिशन, म्हणजे कुणाला पाठवायचं आणि कितीजण हो म्हणाले की पुरे. फ्लो डिझायनर म्हणजे कामाच्या पायऱ्या जोडायचं त्यांचं साधन, त्यातला फ्लो ती पॉलिसी वाचतो आणि अप्रूव्हलचे रेकॉर्ड बनवतो. कोड लिहावा लागत नाही, निदान सुरुवातीला तरी.

हा भाग मला मनापासून आवडला. नियम एका जागी टेबलसारखा दिसतो, ऑडिटला स्क्रीनवर उघडून दाखवला की त्या बाई वही मिटतात. ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या नावाने वेगळी ओळ पडते, एकाचं पुरेसं असेल तर त्याने हो म्हटलं की बाकीच्यांच्या ओळी आपोआप "आता गरज नाही" अशा होतात. कुणी, कधी, काय कॉमेंट लिहून हो म्हटलं सगळं राहतं. मेलवरून मंजुरी देता येते, मोबाइल ॲपवरून देता येते, आमचे एक सर मुलीच्या गॅदरिंगला बसून देतात.

पण खरी लढाई वेगळ्याच जागी आहे आणि डेमो देणारे लोक त्याबद्दल फार बोलत नाहीत.

पॉलिसीत ग्रुपचं नाव थेट लिहिलंत की तुम्ही एक्सेलच पुन्हा बनवली, फक्त महाग एक्सेल. आम्ही पहिल्यांदा हेच केलं होतं, ॲप्लिकेशन अमुक असेल तर ग्रुप तमुक अशा ओळीवर ओळी, आणि एक रिऑर्ग झालं, टीमची नावं बदलली, की बसा परत एकेक ओळ उघडून. शहाणपणाची पद्धत अशी की नाव लिहायचंच नाही. चेंजवर जो कॉन्फिगरेशन आयटम निवडलाय, आम्ही त्याला नुसतं सीआय म्हणतो, म्हणजे तो सर्व्हर किंवा डेटाबेस किंवा ॲप, त्याच्या सीएमडीबीतल्या, म्हणजे अशा सगळ्या सीआयच्या डेटाबेसमधल्या, रेकॉर्डवर अप्रूव्हल ग्रुपसाठी कॉलम असतोच. फ्लोला सांगायचं, चेंजवरून सीआयकडे जा, सीआयवरून त्याच्या ग्रुपकडे जा, त्यांना विचार. मग पॉलिसीला हात न लावता टीम बदलता येते, फक्त सीआयवरचं नाव बदलायचं.

आणि मग आम्ही तो कॉलम उघडून बघितला. अर्ध्याहून जास्त रिकामा. जो भरलेला त्यातही काही ग्रुपमधली निम्मी माणसं दुसऱ्या प्रोजेक्टला गेलेली, एका ग्रुपचा मॅनेजर तर कंपनी सोडून बंगलोरला गेल्याला जमाना झालेला. ऑटोमेशनची सेटिंग दोन आठवड्यांत झाली आणि हा कॉलम भरायला साडेचार महिने लागले, खोटं सांगत नाही. प्रत्येक टीमला मेल, मग रिमाइंडर, मग त्यांच्या लीडच्या डेस्कपाशी जाऊन "दादा, एवढं नाव द्या ना" करत उभं राहायचं. कुणालाच आपलं नाव द्यायचं नसतं कारण नाव दिलं की रात्री अडीचला फोन येणार. शेवटी मार्ग असा निघाला की कॉलम रिकामा असेल तर त्या सीआयला जो ग्रुप सपोर्ट करतो त्याच्याकडे अप्रूव्हल जाईल आणि तोही रिकामा असेल तर चेंज पुढे सरकणारच नाही, फॉर्म सबमिटच होणार नाही. पहिल्या आठवड्यात शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या आठवड्यात लोक स्वतःहून नावं भरून द्यायला लागले, त्यांचेच चेंज अडकले ना.

आता आमची फजिती सांगते, टूलची नाही, आमचीच. फॉर्मवर मुख्य सीआयसाठी जागा एकच असते, बाकीचे खालच्या अफेक्टेड सीआयच्या लिस्टमध्ये टाकायचे. आमचा फ्लो फक्त मुख्य सीआय बघत होता. एकाने लोड बॅलन्सरचा, म्हणजे येणारी वर्दळ सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्या यंत्रणेचा, चेंज टाकला, मुख्य सीआय लोड बॅलन्सर, खाली लिस्टमध्ये त्याच्यामागची चार ॲप्लिकेशनं. अप्रूव्हल गेलं नेटवर्क टीमला, त्यांनी दिलं, नियमाप्रमाणे सगळं चोख. त्या चारातल्या एका ॲपची त्याच रात्री महिनाअखेरची बॅच चालू होती आणि त्यांना हा चेंज आहे हे कळलं ते थेट ब्रिज कॉलवर, म्हणजे बिघाड झाल्यावर सगळ्यांना एकत्र घेतात त्या कॉलवर. पावणेदोन तास कॉल चालला. समोरून शांतपणे विचारलं गेलं, "आमचं अप्रूव्हल कुणी घेतलं?" आणि मी म्यूटवर.

मग स्क्रिप्ट लिहून घेतली की अफेक्टेड लिस्टमधल्या सगळ्या सीआयचे ग्रुप गोळा कर, डुप्लिकेट काढ, सगळ्यांना विचार. झालं, आता दुसरं टोक. महिन्याचं सर्व्हर पॅचिंग, म्हणजे दुरुस्तीचे अपडेट टाकणं, आलं आणि एका चेंजला चौदा ग्रुपची अप्रूव्हलं उभी राहिली, त्यातले अकरा वेळेवर आले, तीन झोपलेले. चौदाजणांना विचारलं की कुणीच नीट वाचत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने वाचलं असेल. यावर 2019 च्या डोरा अहवालातली (सॉफ्टवेअर टीमच्या कामगिरीवरचा सर्व्हे) एक गोष्ट मला नेहमी आठवते: जिथे टीमबाहेरच्या लोकांची औपचारिक मंजुरी लागते त्या संस्था कमी कामगिरीच्या गटात असण्याची शक्यता 2.6 पट, आणि अशा मंजुरीमुळे बिघाड कमी होतात याला पुरावा मिळाला नाही. आमच्या मॅनेजर सरांना हे दाखवलं तर म्हणाले, "अगं मग तुझी नोकरी कशाला?" हसून सोडून दिलं, पण मुद्दा त्यांनाही पटला.

सध्या जे चालू आहे ते असं: सर्व्हरच्या पातळीवर विचारायचं नाही, त्या सर्व्हरवर जी सर्व्हिस उभी आहे तिच्या ग्रुपला विचारायचं. पॅचिंगसारखं तेच तेच काम स्टँडर्डमध्ये ढकललं. लो रिस्कच्या नॉर्मल चेंजला फक्त सर्व्हिसच्या ग्रुपचं एक अप्रूव्हल, कॅब नाही. कॅब फक्त हाय रिस्कला. 2019 मध्ये आलेल्या आयटिल 4 मध्येही, म्हणजे आयटी सेवा कशा चालवाव्यात याच्या मार्गदर्शक संचात, साधारण हेच म्हटलंय, बदलाच्या प्रकाराप्रमाणे मंजुरी कुणी द्यायची ते ठरवा, सगळंच एका कमिटीसमोर नेऊ नका. आमची बुधवारची दीड तासाची कॅब आता वीस-पंचवीस मिनिटांत आटपते आणि मला चहा प्यायला टपरीवर जाता येतं.

अजून दोन गोष्टी ज्यांच्यावर सुरुवातीलाच विचार करून ठेवा. एक, अप्रूव्हल तयार होऊन गेल्यावर कुणी सीआय बदलला तर काय? आमच्या पहिल्या फ्लोत काहीच व्हायचं नाही, जुन्याच ग्रुपची मंजुरी घेऊन नवा सर्व्हर बदलला जायचा, एका हुशार पोराने हे ओळखून दोनदा वापरलंसुद्धा. आता सीआय, रिस्क किंवा तारीख बदलली की जुनी अप्रूव्हलं रद्द आणि चेंज परत न्यू स्टेटला. दोन, चेंज टाकणारा स्वतःच त्या ग्रुपचा मेंबर असेल तर? छोट्या टीममध्ये हे रोज होतं. त्याचं नाव अप्रूव्हरमधून गाळायची अट आम्ही वेगळी घातली, आणि मग एक दोन-माणसांची टीम निघाली जिथे एक जण सुट्टीवर असला की मंजुरी द्यायला उरतंच कुणी नाही. त्यासाठी डेलिगेटची सोय आहे, सुट्टीच्या तारखा टाकून दुसऱ्याला अप्रूव्हलचा अधिकार देता येतो, छान चालते, फक्त ती माणसाने सुट्टीवर जायच्या आधी भरायची असते. गणपतीत कोकणात पोचल्यावर, रेंज नसताना, आठवून काय उपयोग.

बाकी टूल्सचं थोडक्यात. ॲटलासियनच्या जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये सर्व्हिसलाच चेंज अप्रूव्हर ग्रुप जोडून ठेवता येतात, डोकं तेच, मांडणी हलकी, ज्यांचे डेव्हलपर आधीच जिरात राहतात त्यांना ते जवळचं वाटेल. मॅनेजइंजिनचं सर्व्हिसडेस्क प्लस, झोहोवाल्यांचं, लहान-मध्यम आयटी टीमला पुरेसं आहे असं माझा भाऊ म्हणतो, तो औरंगाबादला एका कारखान्याची आयटी बघतो आणि त्याची कॅब म्हणजे तो आणि प्लांट हेड. बीएमसी हेलिक्स, म्हणजे जुनं रेमेडी (मुंबईकरांनो, ही बीएमसी वेगळी, इथे खड्ड्याची तक्रार चालत नाही), त्यात अप्रूव्हल मॅपिंग म्हणून हेच आहे आणि मोठ्या कंपन्यांत अजून भरपूर चालतं. मी स्वतः रोज वापरते ते सर्व्हिसनाऊच, त्यामुळे बाकीच्यांना स्टार देत नाही.

सर्व्हिसनाऊला पाचपैकी चार. ऑटोमेशनला पूर्ण मार्क, अर्धा कापला तो किमतीसाठी कारण दर साइटवर लिहिलेला नसतो, सेल्सवाल्याशी बोलल्याशिवाय आकडा कळत नाही आणि लहान कंपनीने बोलायलाही घाबरावं असा मामला. उरलेला अर्धा निव्वळ पुणेकरपणाचा. यांच्या व्हर्जनना इंग्रजी आद्याक्षरांच्या क्रमाने गावांची नावं असायची, 2020 ला पी आला तेव्हा पुणे समोर असताना यांनी पॅरिस घेतलं.

घ्यायचंय की नाही हे ठरत नसेल तर त्यांच्या डेव्हलपर साइटवर फुकट इन्स्टन्स, म्हणजे सरावासाठी टूलची स्वतःची प्रत, मिळतो, चेंज मॅनेजमेंट त्यात असतंच, काही दिवस लॉगिन नाही केलं तर परत घेतात तेवढं लक्षात ठेवा. त्यात दोन सीआय बनवा, एकाला ग्रुप द्या, एकाला देऊ नका, आणि दोन्हींवर एकेक चेंज टाका. रिकाम्या कॉलमवाल्याचं काय होतं ते बघा आणि मग आपल्या सीएमडीबीत तो कॉलम किती भरलाय ते मोजून या. आमचे अजून एकतीस सीआय बाकी आहेत, त्यातले नऊ कुणाचे आहेत हे कुणालाच माहीत नाही आणि ते बंद करून बघायची हिंमत पण कुणात नाही.