जनसंपर्क, जाहिरात आणि विपणन: पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा दोन सत्रांनंतरचा अनुभव

गेल्या वर्षी जूनच्या अखेरीस मी जनसंपर्क, जाहिरात आणि विपणन या विषयांच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. दोन सत्रे झाली, दोन बाकी आहेत. प्रवेशापूर्वी एखाद्या विद्यार्थ्याचा सविस्तर अनुभव मराठीत वाचायला मिळतो का, हे मी पुष्कळ शोधले. हाती लागली ती संस्थांची माहितीपत्रके, आणि माहितीपत्रक ही जाहिरातच असते. गोव्यात राहून, मराठी आणि कोकणीत वाढून, काही वर्षे नोकरी केल्यानंतर या शिक्षणाचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. संस्थेचे नाव दिलेले नाही, कारण माझे म्हणणे अभ्यासक्रमाच्या स्वरूपाविषयी आहे.

मी डिचोलीची. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर एका मराठी दैनिकाच्या जाहिरात विभागात आठ वर्षे काम केले. जाहिरातीची रुंदी कॉलममध्ये आणि उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, त्यांच्या गुणाकाराला दराने गुणायचे, पहिल्या पानाचा दर वेगळा लावायचा, एजन्सीचे १५ टक्के कमिशन वजा करायचे आणि रिलीज ऑर्डर, म्हणजे जाहिरात छापण्याचा लेखी आदेश, हाती आल्याशिवाय जागा धरायची नाही, हे सगळे अंगवळणी पडले होते. जत्रोत्सव, वाढदिवसाच्या शुभेच्छा, उत्तरकार्य, निविदा अशा जाहिराती रोज हाताखालून जात. मात्र छापून आलेली जाहिरात कोणी वाचली आणि वाचून कोणाच्या मनात काय बदलले, हा प्रश्न त्या आठ वर्षांत मला कोणी विचारला नाही आणि मीही कोणाला विचारला नाही.

पहिल्या सत्राच्या तिसऱ्या आठवड्यातच हा प्रश्न समोर आला. आमच्या कार्यालयात जनसंपर्काचे काम पाहणारी मंडळी दरपत्रक मागायला येत असत. आपल्या ग्राहकाविषयी आलेली बातमी पट्टीने मोजून, तेवढ्या जागेला जाहिरातीच्या दराने किती पैसे पडले असते याचा हिशेब ते अहवालात मांडत. कित्येकदा तो हिशेब मीच करून दिला आहे. वर्गात कळले की या पद्धतीला जाहिरात-समतुल्य मूल्य म्हणतात आणि २०१० साली बार्सिलोना येथे ठरलेल्या मापनतत्त्वांनी ती स्पष्ट शब्दांत अमान्य केली आहे. त्यामागचे कारण साधे आहे. बातमीने व्यापलेली जागा आणि त्या बातमीने घडवलेला परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या संस्थेवर टीका करणारी अर्धपान बातमीसुद्धा त्या हिशेबात लाखभर रुपयांची ठरू शकते. जे काम मी वर्षानुवर्षे बिनचूक करत होते ते मुळातच निरर्थक होते, हे स्वीकारायला मला काही दिवस लागले. या एका तासासाठीसुद्धा प्रवेश घेतल्याचे समाधान वाटते.

सिद्धांताचा भाग अपेक्षेपेक्षा चांगला निघाला. इतिहास केवळ गौरवाचा म्हणून शिकवला जात नाही, हे मला विशेष आवडले. १९०६ साली उघडपणाची आणि अचूक माहितीची हमी देणारे तत्त्वपत्र काढणाऱ्या आयव्ही ली या अमेरिकी जनसंपर्क सल्लागाराच्याच नावावर १९१४ च्या लडलो येथील संपकरी खाणकामगारांच्या हत्याकांडानंतर खाणमालकांच्या बाजूने काढलेली, चुकीची माहिती असलेली पत्रकेही आहेत, आणि दोन्ही एकाच तासात शिकवली गेली. जनसंपर्क सल्लागार एडवर्ड बर्नेज यांनी १९२९ साली न्यूयॉर्कच्या ईस्टर संचलनात स्त्रियांच्या हाती सिगारेट देऊन तिला स्वातंत्र्याची मशाल कसे म्हटले, यावर वर्गात दीड तास वाद झाला आणि प्राध्यापकांनी तो मिटवण्याची घाई केली नाही. १९८२ च्या टायलेनॉल प्रकरणात या वेदनाशामक औषधात कोणीतरी विष मिसळल्याने शिकागो परिसरात सात जणांचा मृत्यू झाल्यावर कंपनीने सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या बाजारातून परत घेतल्या. संकटकाळात शब्दांच्या आधी कृती बोलते हे त्या उदाहरणाने नीट पटते. एआयडीए (लक्ष, रस, इच्छा, कृती), चार पी (वस्तू, किंमत, ठिकाण, प्रसिद्धी), बाजारखंड (ग्राहकांचे वेगवेगळे गट) या गोष्टी कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडतील, त्यांच्यासाठी वर्गात बसण्याची गरज नाही.

ग्रुनिग आणि हंट यांनी १९८४ साली मांडलेल्या जनसंपर्काच्या चार प्रारूपांचे तसे नाही. केवळ गाजावाजा, एकतर्फी माहिती, लोकांचे ऐकून त्यांना आपल्याकडे वळवणे आणि लोकांचे ऐकून स्वतःही बदलणे, अशी ती चार प्रारूपे आहेत. ती शिकताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या तालुक्यातील खाणींच्या जनसुनावण्या होत्या. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार प्रकल्प अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर स्थानिक भाषेतही द्यावा लागतो. कागदोपत्री हा संवाद दुतर्फा आहे. पण ज्या भाषांतरात मूळ तांत्रिक शब्द नुसते देवनागरीत उतरवलेले असतात, ते वाचून एखादा कुळागरवाला, म्हणजे सुपारी-नारळाचा बागायतदार, आपल्या झरीचे पाणी आटेल की नाही, एवढेसुद्धा ठरवू शकत नाही. मी गृहपाठात हेच लिहिले. प्राध्यापकांनी मला तो विषय वर्गात मांडायला लावला आणि त्या दिवशी खाणपट्ट्यातली, किनाऱ्यावरची आणि शहरातली मुले पहिल्यांदाच एकमेकांशी गंभीरपणे बोलली.

आता त्रुटीकडे वळते, कारण ती याच धाग्याला जोडलेली आहे. अभ्यासक्रम जवळजवळ संपूर्ण इंग्रजीत आहे. परीक्षा इंग्रजीत असणे मी समजू शकते. परंतु दोन सत्रांत मराठी किंवा कोकणी प्रसिद्धीपत्रक लिहिण्याचा एकही सराव झाला नाही, हे मात्र पटत नाही. गोव्यात पत्रकार परिषद भरते तेव्हा समोर मराठी दैनिकांचे वार्ताहर बसलेले असतात. इंग्रजी पत्रकाचे घाईघाईने केलेले मराठी रूप वार्ताहराच्या टेबलावर कसे पडते आणि संपादकीय विभाग ते बाजूला का ठेवतो, हे मी आठ वर्षे शेजारच्या टेबलावरून पाहिले आहे. पत्रकातला पहिलाच परिच्छेद एका श्वासात वाचता आला नाही तर पुढचे कोणी वाचत नाही, आणि इंग्रजी वाक्यरचना मराठीत ओढून आणली की श्वास पहिल्याच ओळीत तुटतो.

गंमत म्हणजे कायदा या बाबतीत अभ्यासक्रमाच्या पुढे आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, जाहिरातीतील दावा ज्या भाषेत आहे त्याच भाषेत खालची अटींची तळटीपही असली पाहिजे. मराठी दावा ठळक अक्षरांत आणि इंग्रजी अट मुंगीएवढ्या अक्षरांत, असल्या जाहिराती मी स्वतः छापायला पाठवल्या आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, ही माहिती आमच्या विभागात कोणाला होती असे मला आठवत नाही. कायदा आणि नीतीची ही तासिका आठवड्यातून एकदाच होते. ती दुप्पट करावी असे मी अभिप्रायात लिहून दिले आहे.

दुसऱ्या सत्रात क्षेत्रप्रकल्प होता. आमच्या गटाने सत्तरीतील एका महिला स्वयंसाहाय्य गटाची सोलां, म्हणजे आमसुलं, निवडली. आम्ही चौघांनी उत्साहाने नवे वेष्टण, बोधचिन्ह आणि समाजमाध्यमांचा तीन महिन्यांचा आराखडा तयार केला. गटातील सर्वांत वडीलधाऱ्या काकींनी सगळे शांतपणे पाहिले आणि म्हणाल्या, “बाय, चित्र बरें आसा, पूण पावसांत सोलां वलीं जातात मगे.” खरी अडचण ती होती. पिशवी नीट बंद होत नव्हती, पावसाळ्यात माल दमट होई आणि दुकानदार तो परत करत. चार पींपैकी आम्ही चौथ्यापासून, म्हणजे प्रसिद्धीपासून, सुरुवात केली होती आणि दोष पहिल्यात, म्हणजे खुद्द वस्तूत, होता. आम्ही बोधचिन्ह बाजूला ठेवले, जाड पिशव्या आणि पिशवीचे तोंड तापवून बंद करणारे छोटे यंत्र यांचा खर्च काढला आणि प्रकल्पाचा अर्धा अहवाल त्यावरच लिहिला. गुण कमी मिळतील अशी भीती होती, पण तसे झाले नाही.

याच प्रकल्पासाठी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्रश्नावली घेऊन गेलो. प्रश्नावली पाठ्यपुस्तकाप्रमाणे पाच पायऱ्यांची होती, पूर्णपणे सहमत ते पूर्णपणे असहमत अशी. पहिल्या वीस जणांपैकी बहुतेकांनी सगळ्याला होकार दिला. आपल्याकडे समोर उभ्या असलेल्या मुलीला तोंडावर वाईट कोणी म्हणत नाही; हा सहमतीचा आकडा नव्हता, तो आदरातिथ्याचा आकडा होता. आम्ही घरी येऊन प्रश्न बदलले. आवडते का, असे न विचारता गेल्या वेळी कधी घेतली, किती घेतली, कोणाकडून घेतली आणि घरच्या सोलांपेक्षा ती वेगळी लागली का, असे विचारले. पुढच्या शुक्रवारी उत्तरे एकदम वेगळी आली. ग्राहकाच्या मतापेक्षा त्याची कृती विचारावी, हे पुस्तकात एका ओळीत आहे. त्या ओळीचा अर्थ मला म्हापशाच्या बाजारात कळला. संख्याशास्त्राच्या तासांना मात्र हे सगळे बाहेरच राहिले. तिथे काय-स्क्वेअर या सांख्यिकी चाचणीचे सूत्र पाठ करून घेतले जाते, पण कच्ची उत्तरेच खोटी असतील तर सूत्र काय करणार, याची चर्चा होत नाही. हा विषय सर्वांत कमकुवत शिकवला गेला.

चर्चासत्रासाठी मी १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा जनमत कौल घेतला. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की संघप्रदेश म्हणून वेगळा ठेवायचा, हे त्या मतदानाने ठरायचे होते. राजकीय मत मांडण्याचा हेतू नव्हता. दोन्ही बाजूंच्या प्रचाराचा संवादाच्या दृष्टीने अभ्यास करायचा होता. मतपत्रिकेवर विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेशासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. ‘गोमन्तक’ विलीनीकरणाच्या बाजूने आणि मडगावचा ‘राष्ट्रमत’ विरोधात, आणि दोन्ही दैनिके मराठी. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्यांनी आपले मुख्य दैनिक मराठीत चालवले, कारण ज्या वाचकाचे मन वळवायचे होते तो मराठी वाचत होता. सभांमधून मात्र उल्हास बुयांव यांच्या कोकणी गाण्यांनी लोकांना एकत्र बांधले. वाचनाची भाषा एक आणि काळजाची भाषा दुसरी, हे ज्यांनी ओळखले त्यांनी प्रत्येक माध्यमाला त्याचे योग्य काम दिले. संघप्रदेशाला १,७२,१९१ आणि विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, म्हणजे फरक ३४,०२१ चा. एवढ्या थोड्या अंतराच्या लढतीत भाषेची निवड किती मोलाची ठरली असेल, यावर वर्गातल्या कोकणी घरांतल्या आणि मराठी शाळांतल्या मुलांनी आपापल्या आजोबांच्या आठवणी आणून दिल्या. अमेरिकेतील पन्नास उदाहरणे शिकवणाऱ्या अभ्यासक्रमात हे उदाहरण नाही, ते मला बाहेरून आणावे लागले, याचे वाईट वाटते.

इंटर्नशिपचा अनुभव कडू होता. चार आठवड्यांसाठी ज्या एजन्सीत गेले, तिथे दुसऱ्याच दिवशी मला अतिथीगृहांसाठी पाहुण्यांच्या नावाने अभिप्राय लिहायला सांगितले. ज्या खोलीत मी कधी झोपले नाही तिच्या स्वच्छतेची स्तुती मी लिहिली नाही. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस १९०००:२०२२ हे मानक आहे, तेही मी दाखवले. ते ऐच्छिक आहे असे उत्तर मिळाले. मार्गदर्शक प्राध्यापिकांना कळवल्यावर त्यांनी एका आठवड्यात माझी व्यवस्था दुसरीकडे केली, यासाठी मी त्यांची ऋणी आहे. तरी विद्यार्थ्यांना पाठवण्यापूर्वी संस्थेने एजन्सीची पाहणी करायला हवी होती.

रोजचा डिचोली ते पणजी आणि परतीचा बसप्रवास, सायंकाळच्या तासिका आणि घर यांत पहिले तीन महिने फार ओढाताण झाली. उपस्थितीचा नियम कडक असल्याने पूर्ण वेळ नोकरी सांभाळून हे जमणार नाही. मी नोकरी सोडली आणि छोट्या जाहिरातींच्या मजकुराची कामे घरून घेते. पदवीनंतर लगेच आलेल्या मुलांना हा अभ्यासक्रम मला लाभला तितका लाभत नाही असे माझे निरीक्षण आहे, कारण वर्गातल्या प्रत्येक संकल्पनेला टेकायला त्यांच्याकडे अजून काही नसते. शक्य असेल तर आधी वर्ष-दोन वर्षे एखाद्या वृत्तपत्रात, दुकानात, हॉटेलात किंवा पंचायतीत काम करून मग यावे. मराठी लेखन पक्के असेल तर ते इथे शिकायला मिळेल अशी आशा ठेवू नये, ते सोबत घेऊन यावे आणि प्रत्येक गृहपाठात हट्टाने वापरावे. माझ्या अनुभवात त्याला कोणी विरोध केला नाही, फक्त स्वतःहून कोणी मागितले नाही.

तिसऱ्या सत्रापासून प्रबंध सुरू होतो. ग्राहक सर्वेक्षणात प्रश्नाची भाषा मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशी बदलली तर त्याच माणसाचे उत्तर बदलते का, असा विषय मी दिला आहे. तो मंजूर झाला आहे, तिन्ही प्रश्नावल्या मूळ रूपात जोडण्याच्या अटीवर. आमच्या काकींनी पहिली मुलाखत स्वतः देईन असे सांगितले आहे, पण सोलांचा हंगाम संपल्यावर.