जर्सी सिटीतलं सव्वाशे वर्षांचं घर: राहून पाहिल्यावर

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत, न्यूपोर्ट भागातल्या टॉवरमधला फ्लॅट सोडून आम्ही त्याच शहरातल्या बर्गन-लाफायेट वस्तीत जुनं रो हाऊस घेतलं. एक अख्खा हिवाळा आणि त्यानंतरचा पाऊसही आता काढून झाला. जर्सी सिटीत जुनं घर बघणारी आपली बरीच मंडळी आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घर १८९० च्या दशकातलं. विटांचं, तीन मजली, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. वरचे दोन मजले आमचे, तळमजल्यावर जुन्या भाडेकरू आजी. त्याच रस्त्यावर दुसरंही घर बघितलं होतं. एका गुंतवणूकदाराने ते रिकामं घेऊन नटवलं होतं: राखाडी फ्लोअरिंग, क्वार्ट्झचा ओटा, छतात दिवे. किंमत बरीच जास्त. आम्ही न नटवलेलं घेतलं आणि माझं ठाम मत आहे की तुम्हीही तसंच घ्या. जुन्या प्लॅस्टरवर भेग असली, ओल असली तर ती दिसते. कोऱ्या ड्रायवॉलमागे (जिप्समच्या पत्र्यांची भिंत) काय दडलंय ते कळायला भिंत फोडावी लागते.

साध्या होम इन्स्पेक्शनवर भागवू नका. न्यू जर्सीत पुरलेल्या तेलाच्या टाकीचा शोध वेगळा करून घ्यावा लागतो. पूर्वी घरं तेलावर तापायची. पुढे गॅस आला, पण कित्येक ठिकाणी टाकी जमिनीतच राहिली. ती गळकी निघाली तर माती साफ करण्याचा खर्च आजच्या मालकाच्या गळ्यात पडतो. ड्रेनेजच्या लाइनीत कॅमेरा घालून बघा. नळ जुने मातीचे असतात आणि रस्त्यावरच्या झाडांची मुळं त्यांच्या सांध्यांतून आत शिरतात. तळघराच्या छताकडे टॉर्च मारून वायरिंगही बघा. चिनी मातीच्या खुंट्यांवरून नेलेल्या, कापडी वेष्टणाच्या तारा दिसल्या तर विमा कंपनीशी आधी बोला, कारण बऱ्याच कंपन्या अशा घराला पॉलिसी देत नाहीत.

पाण्याची मुख्य लाइन तळघरात भिंतीतून आत येते, तिथे नळ नाण्याने हलकाच खरवडायचा. आतून चांदीसारखा चकाकला, आणि लोहचुंबक चिकटलं नाही, तर तो शिशाचा. तांब्याचा असेल तर पेनीच्या, म्हणजे इथल्या एका सेंटच्या नाण्याच्या रंगाचा दिसतो. आमचा शिशाचा निघाला. २०२१ च्या कायद्यानुसार राज्यातल्या पाणीपुरवठादारांनी असे नळ दहा वर्षांत बदलायचे आहेत. आमचा नंबर लागेपर्यंत प्यायला आणि स्वयंपाकाला शिसं गाळणाऱ्या प्रमाणित फिल्टरचंच पाणी वापरतो. लहान मुलं असतील तर रंगाचीही चाचणी करा. घरांसाठीच्या शिशाच्या रंगावर १९७८ मध्ये बंदी आली आणि ही घरं त्याच्या कितीतरी आधीची. खिडकी वर-खाली सरकताना जिथे लाकडावर लाकूड घासतं, तिथेच सगळ्यात जास्त धूळ पडते.

हिवाळ्याबद्दल टॉवरमधून येणाऱ्याला काहीच कल्पना नसते. घर वाफेच्या रेडिएटरवर तापतं. थंडी सुरू झाली तशी रात्री पाइपमध्ये हातोडा मारल्यासारखे ठोके पडायला लागले. प्लंबरने सगळी सिस्टिम काढून टाकायचं कोटेशन दिलं. खालच्या आजी वर आल्या, रेडिएटरवर हात फिरवला आणि म्हणाल्या, पाणी साचलंय, हा उलटा कललाय. वाफ आणि पाणी एकाच पाइपमधून जात असेल तर रेडिएटर व्हॉल्व्हच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणजे थंड झालेलं पाणी परत खाली जातं. त्यांनी लांबच्या टोकाच्या पायांखाली लाकडाच्या पातळ चकत्या सरकवायला लावल्या. शिवाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद, अर्धवट कधीच नाही, असंही सांगितलं. ठोके त्याच रात्री थांबले. बॉयलरच्या काचेतली पाण्याची पातळी आता मी दर आठवड्याला बघते.

या आजींना बाहेर काढा, असा सल्ला आम्हाला घर घेतानाच मिळाला होता. खालचा मजला नवा करा, भाडं दीडपट येईल, असं एजंट म्हणाला. कायद्याने ते शक्यही होतं. न्यू जर्सीचा १९७४ चा भाडेकरू संरक्षण कायदा भक्कम आहे, पण मालक स्वतः राहतो आणि भाड्याचे भाग दोनपेक्षा जास्त नाहीत, अशा घराला तो लागू होत नाही. आम्ही आजींना काढलं नाही. त्यांचं भाडं बाजारापेक्षा बरंच कमी आहे, तरी कर्जाचा हप्ता त्याच भाड्याच्या हिशेबावर बसवला होता आणि तो नीट बसतो आहे. छप्पर कधी बदललं, परसातला खड्डा कशाचा, मागच्या भिंतीला ओल कुठून येते, हे एकाही इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये नव्हतं. आजींना सगळं ठाऊक होतं.

लाइट रेल, म्हणजे शहरातली हलकी रेल्वे, २००० मध्ये आली, जुन्या रेल्वे यार्डाची दूषित जमीन साफ करून बेरी लेन पार्क २०१६ मध्ये उघडलं, आणि मग आमच्यासारखे लोक इकडे वळले. त्याआधी अनेक दशकं इथे कृष्णवर्णीय कुटुंबांनी घरं सांभाळली, तीही अमेरिकेतल्या बँका अशा वस्त्यांना कर्ज द्यायला नाखूश असताना. मार्टिन ल्यूथर किंग २७ मार्च १९६८ रोजी, हत्येच्या आठवडाभर आधी, याच शहरातल्या मेट्रोपॉलिटन ए.एम.ई. झायन चर्चमध्ये बोलले होते. आज त्या कुटुंबांच्या टपालपेटीत 'घर रोखीने घेऊ' अशी कार्डं पडतात. आमच्याही पडतात.

ओळखीचे लोक अजून विचारतात, एरिया सेफ आहे ना? मला तो प्रश्न टोचतो. १९८७ मध्ये याच शहरात 'डॉटबस्टर्स' नावाच्या टोळक्याने भारतीयांना हुसकून लावण्याची धमकी देणारं पत्र वर्तमानपत्राला पाठवलं होतं. तेव्हा नको असलेले शेजारी आपण होतो. इथे पहिल्या बर्फाला आमच्या पायऱ्या समोरच्या काकांनी न सांगता साफ केल्या.

उणिवाही आहेत. शहराच्या बऱ्याच भागात सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच गटारातून जातं, त्यामुळे मोठ्या पावसात पाणी तळघरात उलटं येऊ शकतं. सप्टेंबर २०२१ च्या आयडा वादळात कित्येकांची तळघरं बुडाली. उलट्या पाण्याला अडवणारा व्हॉल्व्ह आम्ही लगेच बसवला. घरावरच्या टॅक्सचं बजेट सैल ठेवा. शहरात १९८८ नंतर थेट २०१८ मध्ये घरांच्या किमतीचं टॅक्ससाठी फेरमूल्यांकन झालं आणि तेव्हा अनेकांची बिलं एकदम बदलली. इंडिया स्क्वेअर या भारतीय दुकानांच्या भागात भाजीला जायचं तर गाडी लागते, पार्किंगला फेऱ्या माराव्या लागतात.

विटांचं काम अजून बाकी आहे. भेटलेल्या बहुतेक गवंड्यांना विटांमधल्या फटी सिमेंटने भरायच्या होत्या. जुन्या विटा मऊ असतात. कडक सिमेंटमुळे ओल बाहेर पडत नाही आणि गोठणाऱ्या पाण्याने विटेचेच पापुद्रे निघतात. चुन्यात काम करणारा माणूस मिळायला वेळ लागला, दरही चढा आहे. मागची भिंत तो वसंतात घेणार आहे. रस्त्यावरच्या आणखी तीन घरांनी त्याचा नंबर मागितला, म्हणून परांचीचा खर्च वाटून घ्यायचं आमचं बोलणं चालू आहे.