घरातल्या गोष्टी टिपायच्या कुठे: वहीत की फोनमध्ये?

घरात रोज घडणारं बारीकसारीक लिहून ठेवायचं मनावर घेतलं की हा प्रश्न पहिल्याच दिवशी येतो. मी दोन्ही वापरून पाहिलं आहे: फोनवरचं डायरीचं ॲप, आणि पाच वर्षांची डायरी, म्हणजे एका तारखेला एक पान आणि त्यावर पाच वर्षांचे पाच कप्पे.

फोनची बाजू आधी सांगतो, कारण ती खरोखर भक्कम आहे. तारीख-वेळ आपोआप पडते, फोटो सोबत राहतो. आणि आवाज! तीन वर्षांचं मूल शब्द कसे मोडतं हे कागदावर उतरतच नाही; अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग ते जसंच्या तसं ठेवतं. घरात बोबडं बोलणारं कुणी असेल, किंवा जुन्या आठवणी सांगणारं कुणी थकलेलं माणूस असेल, तर तेवढ्यापुरता फोनला पर्याय नाही. गेल्या वर्षी याच तारखेला काय झालं, हे डे वनसारखी ॲपही दाखवतात. शोधायची सोय मात्र मला फारशी कामी आली नाही. घाईत कधी ‘आजी’ लिहिलेलं असतं, कधी ‘आज्जी’. शिवाय आपल्याला आठवतो तो प्रसंग. तेव्हा कुठले शब्द वापरले ते नाही.

माझ्यासाठी निकाल लागला तो वेगळ्याच कारणाने. फोन एकाचाच असतो. बायको म्हणायची, “हे लिहून ठेव हं,” आणि तिची गोष्ट माझ्या शब्दांत जायची. सामायिक डायरीची सोय होती, पण तिथे प्रत्येकाचं खातं, प्रत्येकाचा पासवर्ड. आई तिकडे फिरकलीच नाही. मुलांच्या हाती फोन दिला की लिहिणं बाजूलाच राहायचं. काही महिन्यांनी मागचं वाचू लागलो, तर घर सगळ्यांचं आणि आवाज एकट्याचा. भांडणाची दुसरी बाजू कुठेच नव्हती. ही गोष्ट मला फार टोचली.

वही जेवणाच्या टेबलावर उघडी पडलेली असते. माझ्या ओळीखाली मुलीने एकदा लिहिलं, “खोटं आहे, मी रडले नव्हते.” आई दोनच शब्द लिहिते, पण स्वतःच्या हाताने. आणि आजचा कप्पा भरताना वरचा कप्पा वाचला जातोच, त्यासाठी वेगळं काही उघडावं लागत नाही.

वहीची अडचणही आहे. सगळ्यांच्या नजरेसमोरच्या वहीत आपलं खोल दुःख कुणी लिहीत नाही. ते वेगळीकडे ठेवावं लागतं. जागाही चार-पाच ओळींचीच.

टिकण्याचं म्हणाल, तर काळजी दोन्हीकडे घ्यावी लागते. साधी शाई पाण्याने पसरते, उन्हाने उडते. पिगमेंट शाईचं जेल पेन बरं. मी अधूनमधून पानांचे फोटोही काढून ठेवतो. फोनच निवडणार असाल, तर गूगलचा २०२३ मधला नियम लक्षात असू द्या: दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं काढून टाकलं जाऊ शकतं. आपल्या पश्चात खातं कुणाला उघडता यावं, ते नाव नोंदवायची सोय ॲपलने २०२१ मध्ये दिली आहे. ते काम आधी उरका.

घरातली माणसं दोन गावी राहत असतील तर फोनच सोयीचा, याबद्दल वाद नाही. एकट्यानेच लिहायचं असेल तर जे हाताला येईल ते चालेल. पण एका छपराखाली तीन-चार माणसं असतील, तर मला विचाराल तर आधी वही घेऊन बघा, आणि आवाजापुरता फोन ठेवा. वही घेताना शिवलेल्या बांधणीची घ्या. चिकटवलेली वही सपाट उघडत नाही, एका हाताने दाबून धरावी लागते, आणि लहान मुलं तेवढ्यावरच लिहायचं सोडतात.