उत्सवी नाटकाला साथ करायची तर जुनो-डीएस६१

फोंड्याकडच्या देवळांत उत्सवातल्या संगीत नाटकाला मी साथ करतो. पायपेटीवर हात बसलेला, पण ती उचलून गावोगाव न्यायला आता माणसं मिळत नाहीत. रोलँडचा जुनो-डीएस६१ हा कीबोर्ड फक्त ५.३ किलोचा. पाठीला लावून स्कूटरवरून नेतो.

त्याच्या आवाजांची यादी लांबलचक आहे, पण रंगमंचावर मला पाच-सहाच लागतात. ते फेव्हरिटमध्ये ओळीने लावून ठेवले की अंधारातही बोट चुकत नाही. स्प्लिट करून, म्हणजे पट्ट्या दोन आवाजांत वाटून, डाव्या हाताला स्ट्रिंग्जचा भरणा ठेवायचा आणि उजव्या हाताने गायकामागे जायचं. पट्टी बदलून वाजवता यायलाच हवं, यात वाद नाही. पण रात्री दोन वाजता काळी दोनच्या पट्टीत गाणाऱ्याचा घसा बसला की अर्धा स्वर उतरवायला ट्रान्सपोजचं बटण देवासारखं धावून येतं. मींडेसाठी बेंडर, म्हणजे सूर वरखाली सरकवायची दांडी, हलका आहे. त्याचा पल्ला मात्र आधी दोन स्वरांपुरता बांधून घ्या, नाहीतर पद भरकटतं.

मला तो सगळ्यात जास्त आवडतो तो बॅटरीमुळे. आठ एए सेलवर चालतो, तेही रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइडचे. मंडपातली वीज गेली तरी जनरेटर सुरू होताच तुमचा आवाज तयार असतो, वाद्य पुन्हा चालू व्हायची वाट बघत बसावं लागत नाही.

उणं एवढंच की आफ्टरटच (पट्टी दाबून धरल्यावर आणखी दाब देऊन आवाज बदलायची सोय) नाही, आणि सूर धरून ठेवलेला असताना आवाज बदलला तर तो तुटतो. यामाहाच्या मोडएक्स कीबोर्डमध्ये चार भाग मिळून बनलेल्यापर्यंतचा आवाज न तुटता बदलतो. तुमचं काम ऑर्केस्ट्राचं असेल, एका गाण्यात चारदा आवाज फिरवावा लागत असेल, तर तोच घ्या. पण तो सेलवर चालत नाही. जत्रेच्या मांडवात मला जुनोच हवा.

दुकानात हेडफोनवर ऐकून ठरवू नका. देवळातला साउंडवाला बहुतेक एकच वायर देतो. डावीकडच्या मोनो जॅकमधून एका स्पीकरवर वाजवून बघा. स्टिरिओत भरदार वाटणारे काही पियानो मोनोत पोकळ होतात, आणि नाटकभर तोच आवाज लोकांना ऐकायचा असतो.