एफएलटीके १.४ : हलके टूलकिट आणि देवनागरीचा प्रश्न

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये डेस्कटॉपसाठी प्रोग्रॅम लिहायचा म्हटले की बहुतेकांची नजर प्रथम क्यूटी किंवा जीटीके या मोठ्या टूलकिटांकडे, म्हणजे खिडक्या, बटणे, मेनू तयार करून देणाऱ्या लायब्रऱ्यांकडे वळते, आणि मोठ्या कामासाठी ते योग्यही आहे. परंतु प्रयोगशाळेतील एखाद्या उपकरणाचे आकडे दाखवणारी विंडो, चार बटणे आणि एक आलेख एवढीच गरज असेल, तर त्यासाठी या लायब्रऱ्यांचा सगळा पसारा सोबत न्यावा लागणे खटकते. अशा कामासाठी सी प्लस प्लसमध्ये लिहिलेले एफएलटीके हे टूलकिट गेली पंचवीसहून अधिक वर्षे उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.४ आवृत्तीने काही जुनी दुखणी दूर केली असल्यामुळे त्याचा नव्याने विचार करणे आवश्यक झाले आहे.

या टूलकिटचा जन्म चित्रपटांच्या दृश्यपरिणामांच्या क्षेत्रात झाला. डिजिटल डोमेन या अमेरिकी कंपनीत काम करताना बिल स्पिट्झॅक यांनी ते लिहिले आणि तिथल्या न्यूक या सॉफ्टवेअरच्या खिडक्या सुरुवातीला त्यावरच उभ्या होत्या. पुढे न्यूकने क्यूटीची वाट धरली. एफएलटीके मात्र मुक्त परवान्याखाली स्वतंत्रपणे वाढत राहिले. डिलो हा चिमुकला ब्राउझर, दूरचा संगणक पडद्यावर दाखवणाऱ्या टायगरव्हीएनसीचा व्ह्यूअर, आकृत्यांची जाळी तयार करणारे, अभियंत्यांच्या परिचयाचे जीमेश आणि अवघ्या काही मेगाबाइटांत मावणाऱ्या टायनी कोअर लिनक्सचा डेस्कटॉप ही त्याच्या वापराची ठळक उदाहरणे आहेत. ही यादी पाहिली तरी या टूलकिटचे क्षेत्र कोणते हे पुरेसे स्पष्ट होते.

त्याचा हलकेपणा नकारांतून आला आहे. १.x शाखेच्या कोडमध्ये सी प्लस प्लसमधील टेम्प्लेट आणि एक्सेप्शन या सोयी जाणीवपूर्वक टाळलेल्या आहेत, चित्रांसाठीच्या पीएनजी व जेपीईजी आणि माहिती आकुंचित करणारी झेडलिब या लायब्रऱ्या सोबतच दिलेल्या आहेत, आणि टूलकिट प्रोग्रॅममध्येच स्थिररीत्या जोडून एकच फाइल वाटता यावी अशी मूळ अपेक्षा आहे. परवानाही त्याला साजेसा आहे: एलजीपीएल या मुक्त परवान्याला एक खास सवलत जोडलेली असल्यामुळे अशी स्थिर जोडणी केली तरी स्वतःच्या प्रोग्रॅमचा कोड खुला करण्याचे बंधन येत नाही. ज्यांना एखाद्या कारखान्यातील जुन्या संगणकावर पेन ड्राइव्हने प्रोग्रॅम नेऊन लगेच चालवायचा असतो, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगायला नको.

शिकण्याच्या दृष्टीनेही ते सुटसुटीत आहे. विंडो तयार करावी, तिच्यात विजेट (बटणे, चौकटी असे घटक) ठेवावेत, प्रत्येकाला कॉलबॅक (तो दाबल्यावर चालणारे फंक्शन) द्यावा आणि शेवटी रन म्हणावे, एवढ्यावर पहिला प्रोग्रॅम उभा राहतो; फ्लुइड हे आराखडा रेखाटण्याचे साधनही सोबत मिळते. हेडर फाइलींच्या नावाचा शेवट मोठ्या लिपीतल्या एच अक्षराने करण्याची जुनी खोड मात्र अजून गेलेली नाही, आणि कॉलबॅककडे माहिती पाठवताना व्हॉइड पॉइंटरची (प्रकार न सांगणाऱ्या पत्त्याची) जी कसरत करावी लागते ती आजच्या सी प्लस प्लसची सवय असलेल्यांना पुराणकाळातली वाटेल. १.४ मध्ये त्यासाठी काही मॅक्रो दिले आहेत. ते कामापुरते ठीक आहेत, देखणे म्हणता येणार नाहीत.

खरी सुधारणा मांडणीत झाली आहे. पूर्वी विंडोचा आकार बदलला की कोणता विजेट ताणायचा हे ‘रिसायझेबल’ या एकाच संकल्पनेने ठरवावे लागे, आणि गटात गट घालत जाताना भलेभले गोंधळत. आता फ्लेक्स आणि ग्रिड हे विजेट आल्यामुळे ओळी, स्तंभ आणि मोकळी जागा सरळपणे सांगता येते. त्याखेरीज वेलँडवर (लिनक्समध्ये पडद्यावर खिडक्या दाखवण्याची नवी व्यवस्था) थेट चालण्याची सोय, दाट पिक्सेलांच्या पडद्यांवर नीट आकार घेणे, कितीही मोठी केली तरी न फाटणारी एसव्हीजी चित्रे आणि मजकुरात अनेक पायऱ्यांचे अनडू याही गोष्टी आल्या आहेत. कंट्रोलसह अधिक किंवा उणे दाबून यात लिहिलेल्या कोणत्याही प्रोग्रॅमची संपूर्ण विंडो मोठी-लहान करता येते, ही सोय तर दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांसाठी फारच उपयुक्त आहे.

मराठी वापरासाठी निर्णायक मुद्दा मजकूर रेखाटण्याचा आहे. युनिकोडचा आधार १.३ आवृत्तीतच आला होता, पण युनिकोड वाचता येणे आणि देवनागरी नीट जुळवता येणे यांत अंतर आहे. लिनक्सवर एक्स११ (खिडक्या दाखवण्याची जुनी व्यवस्था) वापरताना एफएलटीके केवळ एक्स११ साठीच्या नेहमीच्या बांधणीत एक्सएफटी या फाँट लायब्ररीच्या आधाराने अक्षरे काढते, आणि एक्सएफटी प्रत्येक युनिकोड संकेतांकाचे चिन्ह एकापुढे एक ठेवत जाते. परिणामी ‘कि’मधली वेलांटी क च्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षरात हलंत उघडा पडतो आणि ‘धर्म’ या शब्दातला रफार जागेवर चढत नाही. विंडोज आणि मॅकवर हे काम प्रणालीच करत असल्यामुळे तिथे ही अडचण जाणवत नाही. म्हणून केवळ विंडोजवर चाचणी घेऊन निर्धास्त राहणाऱ्याची लिनक्सवर फसगत होते.

१.४ मध्ये यावर उतारा आहे. वेलँडवर मजकूर पँगो या लिपी जुळवणाऱ्या लायब्ररीमार्फतच रेखाटला जातो, आणि एक्स११ साठीही टूलकिट बांधतानाच (मूळ कोडपासून तयार करताना) सीमेक या बांधणीच्या साधनात पँगोचा पर्याय सुरू करता येतो. तसे केले की जोडाक्षरे, वेलांट्या आणि रफार जिथल्या तिथे बसतात. अर्थात पँगोसोबत कैरो आणि जीलिब या जीटीकेलाही लागणाऱ्या लायब्रऱ्याही येतात, म्हणजे ज्या ओझ्यापासून सुटण्यासाठी जीटीके टाळले त्यातला काही भाग मागील दाराने परत येतो. माझ्या मते हे ओझे पत्करावे, कारण चुकीचे मराठी दाखवणारा हलका प्रोग्रॅम कोणाच्याच उपयोगाचा नाही.

तरीही काही कामांसाठी मी एफएलटीके सुचवणार नाही. मराठी मजकूर लिहिणे हेच मुख्य काम असलेला संपादक, रंगीत व विविध आकारांच्या अक्षरांचा दस्तऐवज किंवा आजच्या डेस्कटॉपशी मिळतेजुळते रूप हवे असलेले व्यावसायिक सॉफ्टवेअर यांसाठी क्यूटीला पर्याय नाही. त्याहून गंभीर उणीव म्हणजे स्क्रीन रीडरसाठी (अंधांना पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी) अंगभूत आधाराचा अभाव. शासकीय कार्यालय, बँक किंवा ग्रंथालय यांच्यासाठी प्रोग्रॅम करताना एवढ्या एका कारणावरून हे टूलकिट बाजूला ठेवावे.

ज्यांचे काम यात बसते त्यांनी आवृत्ती मात्र आधी तपासावी. डेबियन १२ या लिनक्स प्रणालीतून थेट मिळणारे पॅकेज १.३ शाखेचे आहे. त्यात फ्लेक्सही नाही आणि पँगोचा हा पर्यायही नाही. अशा संगणकांवर १.४ चा मूळ कोड उतरवून, पँगोचा पर्याय सुरू करून टूलकिट स्वतः बांधून घेणे हाच मार्ग आहे, आणि एवढ्या आटोपशीर कोडसाठी तो फारसा कष्टाचा नाही.